अमेलियाच्या रानातली तूर

नामपुला, मोझांबिक
१४ जानेवारी २०२४

ती. आबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

चार वर्षांनी तुम्हाला कागद लिहितोय, त्यामुळं हात अवघडलाय. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि धाकट्या हर्षालीला मधी घालून बोलायचं म्हणजे निम्मं तिच्याच पोटात राहतं. म्हणून ही युक्ती. मी हातानं लिहून त्याचा फोटो तिला पाठवतो, ती तिच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून तुम्हाला आणून देईल. तुमच्या कागदाचा फोटोही तीच पाठवील.

जाताना नळदुर्गच्या स्टँडवर मी बोललो होतो, शेतात जन्म घालवून तुम्ही काय मिळवलं म्हणून. ते तुम्ही ऐकलं होतं का कान तेव्हाच गेले होते, हे मला अजून कळलेलं नाही. ऐकलं असेल तर माफ करा. आई गेली तेव्हा विमानं बंद होती, येता आलं नाही. त्याचंही तुमच्याशी कधी बोलणं झालं नाही.

आता कामाचं सांगतो. आमची कंपनी इथल्या शेतकऱ्यांना तूर लावायला शिकवते आणि पिकली की विकत घेते. ते शिकवायचं काम माझं. इथं अमेलिया नावाची एक बाई आहे, पन्नाशीची, दोन एकर रान, घरात कर्ता माणूस नाही. तिची तूर नुसती काठीसारखी वर चाललीय, फांदी म्हणून नाही. तुम्ही आपल्या तुरीचे शेंडे खुडायचा ते मला आठवतंय. पुस्तकात तेवढं एका ओळीत दिलंय, पण तुमच्यासारखं भरलेलं झाड मी पुस्तकवाल्यांकडं कुठं बघितलं नाही. कधी खुडायचं, किती खुडायचं, नीट कळवाल का?

आपला,
इंद्रजित

नळदुर्ग
२३ जानेवारी २०२४

चि. इंद्रजितास बब्रुवानचे अनेक आशीर्वाद.

कागद पोचला. स्टँडवरचं म्या ऐकलं होतं. एवढ्या मोठ्यानं बोललास की कंडक्टरनं बी ऐकलं. त्याचं काय मनात धरू नको, त्या वयात सगळेच बोलतात. म्या बी माझ्या बापाला बोललो होतो, फकस्त एसटी नव्हती एवढंच.

डिप्लोमा का काय केलास त्यात शेंडा खुडायला शिकवत न्हाईत व्हय? मग काय शिकवतात? आता नीट वाच. मघा नक्षत्र लागायच्या आत झाडाला हात लावायचा न्हाय. झाड कमरेच्या जरा खाली आलं की वरचं बोटाच्या दोन पेराएवढं खुडायचं. कात्री, इळा काय नको. नखानं. नखानं टचकन तुटलं तर येळ बरोबर हाय. ओढावं लागलं तर उशीर झाला असं समज, आन् त्या झाडाला सोडून दे. दव वाळल्यावर खुडायचं. तिथनं वीस दिवसांनी ज्या फांद्या फुटतील त्यांचे शेंडे परत एकदा. मग बघ झाड कसं छत्रीवानी होतंय.

खाली चित्र काढलंय. बाईला ते दाखव. बाईमाणूस एकटं राबतंय तर तिचं आधी कर, बाकीच्यांचं मागून.

बब्रुवान

नामपुला
९ फेब्रुवारी २०२४

ती. आबांना नमस्कार.

तुमच्या मघानं इथं मोठा घोळ घातला असता. आबा, इथला उन्हाळा-पावसाळा आपल्या उलटा. आपल्याकडं मघा नक्षत्र लागतं तेव्हा इथं तुरीची काढणी चाललेली असते. मी अमेलियाला तुमचा कागद वाचून सांगत होतो, तर ती मधीच विचारते, मघा कोण? कधी येणार? मी म्हटलं, एक पाव्हणी आहे, आमच्याकडं येते, तुमच्याकडं यायची नाही. मग झाडाची उंची धरून काम केलं.

पहिल्या ओळीला तिनं मला हातच लावू दिला नाही. तिचं म्हणणं, वाढतंय ते तोडायचं कशाला. मी शिकलेला माणूस सांगतोय याचं तिला काही वाटलं नाही. शेवटी तुमचं चित्र दाखवलं. ते तिनं बराच वेळ बघितलं, कुणी काढलं म्हणून विचारलं. माझ्या वडलांनी, चाळीस वर्षं तूर करतात, म्हटल्यावर तिनं स्वतःच्या नखानं पहिला शेंडा खुडला. आता ती इतर बायांना शिकवते. तुम्हाला तिनं नमस्कार सांगितलाय. पुढं फुलात आळी पडली तर काय करायचं तेही विचारून ठेव म्हणाली.

इंद्रजित

नळदुर्ग
२६ ऑगस्ट २०२४

चि. इंद्रजितास आशीर्वाद.

तिकडं सूर्य उलटा चालतो हे तू तवाच सांगितलंस, पण माझ्या काय टाळक्यात बसत न्हाय. आज इथं मघा चालू हाय. सकाळपास्नं आपल्या तुरीचे शेंडे खुडत होतो, आन् तू धाडलेल्या फोटूत अमेलिया शेंगा तोडतीय.

तिचं झाड बघितलं. असं झाड आपल्या पट्टीत धा वर्षांत मलाच एकदा साधलं होतं. तिला सांग, पोरी, तुझ्या हाताला यश हाय. शेंगा झोडपल्यावर कडक ऊन दे, कडुनिंबाचा पाला घालून ठेव. तिकडं कडुनिंब नसंल तर चुलीची राख चालती. हर्षाली म्हणत होती तिला साडी धाडू, पण तिथल्या बाया साडी नेसत न्हाईत म्हणं.

मार्चपास्नं ह्यो तुझा अकरावा कागद. सगळे एका पिशवीत ठेवलेत. तुझी आई गेल्यावर घरात दुपार जात नव्हती, आता तुला काय सांगायचं हे मनात जुळवीत बसतो, दिवस कसा मावळतो कळत न्हाय. अजून काय अडलं तर इचार.

बब्रुवान

नळदुर्ग
१८ नोव्हेंबर २०२४

दादा,

हे पत्र माझं आहे, आबांना याची खबर नाही.

आबा रोज सकाळी गुंडप्पाच्या हॉटेलात जातात, तुझी पत्रं पिशवीत घेऊन. स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना पण आता अमेलिया ठाऊक आहे. त्यांचं सांगणं काय असतं? माझा पोरगा तिकडं उपाशी लोकांना तूर पिकवायला शिकवतो, तिथली लेकरं माझ्या हातच्या तुरीचं वरण खातात. एवढं सांगतात आणि चहा फुंकत बसतात. आई गेल्यापासून मी त्यांना असं ताठ बसलेलं बघितलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात मी अडतीवर गेले होते. तिथं पोत्यांची थप्पी उभी. मी विचारलं ही कुणाची, अजून तर कुणाची तूर निघाली नाही. अडते बसप्पा हसले. म्हणाले, ही आफ्रिकेची, मोझांबिकची, बाजारात हिला गजरी म्हणतात. तिकडल्या बंदरातून जहाजं सुटली की इकडं भाव बसायला लागतो. आपली तूर जानेवारीत निघते, त्यांची दिवाळीलाच येऊन पडते, आणि सरकार तिच्यावर जकात घेत नाही. सुगीआधीच व्यापाऱ्यांची गोदामं भरलेली असतात.

दादा, तुझी कंपनी ती तूर विकत घेऊन कुठं पाठवते हे तू आबांना एकदाही लिहिलं नाहीस. मलाही नाही. तिथले लोक तूर खातात का तरी?

आबांना हे कळलं तर काय होईल ते तुला ठाऊक आहे. धुळाप्पाकाका एकदा बांधावरून खोटं बोलले, तर बांधाला बांध असून आबांनी एकोणीस वर्षं त्यांच्याशी शब्द काढलेला नाही. तू तर त्यांच्याच हातून हे करून घेतलंस. तू आता काही सांगू नकोस. आणि जमलं तर विचारणंही बंद कर.

हर्षाली

नामपुला
२ डिसेंबर २०२४

प्रिय हर्षा,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. इथले लोक मका खातात, कसाव्याचे कंद खातात. तूर थोडी खातात, बाकीची सगळी आपल्याकडं जाते. मी हे लपवलं म्हणायचं का सांगितलं नाही म्हणायचं, यावर मी स्वतःशी पुष्कळ दिवस घोळ घातलाय. लपवलंच.

पण तू अमेलियाला बघितलं नाहीस. दोन हजार सोळाला आपल्याकडं डाळ कडाडली, तेव्हा आपल्याच देशानं यांना सांगितलं की तूर लावा, आम्ही घेऊ. यांनी मका मोडून तूर लावली. सतराला आपल्याकडं तूर उदंड झाली, भाव पार कोसळला, आणि दिल्लीनं आयातीला मर्यादा घातली. इथं तूर घ्यायला कुणी आलं नाही. अमेलियानं त्या वर्षी पत्र्याचं छप्पर घालायचं ठरवलं होतं. तूर भिजून झोपडीतच कुजली. तिनं त्या तुऱ्हाट्या वर्षभर चुलीला घातल्या. ती मला विचारते, तुमचा देश पुन्हा दार लावणार नाही ना? मी काय सांगू? दार लावलं तर ही मेली, उघडं ठेवलं तर आबा. मी पगार घेऊन दोघांच्या मधी उभा आहे.

आबांना मीच सांगणार आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. ते पुन्हा बोलले नाहीत तर नाही बोलले. हे वर्षभर त्यांच्या कागदाची जी सवय लागली ती मोडताना मला किती जड जाईल हे मी इथं लिहीत नाही.

दादा

नळदुर्ग
३१ डिसेंबर २०२४

चि. इंद्रजितास आशीर्वाद.

काल आमुशाला येळवस झाली. रानात कडब्याची कोप केली, पाच पांडवांच्या दगडांना चुना लावला. हर्षालीनं भज्जी केली, आंबील केली, बाजरीचे उंडे केले. भज्जीत आपल्याच तुरीचे ओले दाणे होते. नळदुर्गातनं आठ-धा माणसं जेवायला आली. तुझ्या नावानं एक पान वाढून ठिवलं होतं, ते मागनं गुंडप्पाच्या धाकट्या भावानं खाल्लं. लई खातंय ते.

तूर झ्याक हाय. पंधरा दिसांत काढणी. भावाचं काय खरं दिसत न्हाय, दसऱ्याला क्विंटलला धा हजाराच्या वर होता, आता आठाच्या खाली आलाय. असू दे.

तिकडं आता पेरणी झाली असंल. अमेलियाला सांग, औंदा दोन झाडांतलं अंतर जरा वाढव, झाड पसरलं की एकमेकाला दाबतंय. तुझा कागद महिन्यात आला न्हाय. तब्येत बरी हाय न्हवं?

बब्रुवान

नामपुला
१९ जानेवारी २०२५

ती. आबांना,

तब्येत बरी आहे. एक गोष्ट तुमच्यापासून लपवली ती सांगायची हिंमत होत नव्हती.

अमेलियाच्या रानातली तूर इथली लेकरं खात नाहीत, आबा. ती जहाजानं भारतात येते. अडतीवर जी आफ्रिकेची तूर दिसते तीच. तुम्ही शेंडा खुडायला शिकवलंत, आळीचं शिकवलंत, साठवणीचं शिकवलंत. तुमचे कागद मी इथं चाळीस गावांत वाचून दाखवले. तूर दुपटीनं निघाली आणि ती तुमच्या सुगीच्या आधी तुमच्याच बाजारात येऊन पडली. साहेब लोकांनी मला शाबासकी दिली. तुम्हाला सातत्यानं विचारत राहिलो आणि ती कुठं जाते हे एकदाही सांगितलं नाही.

मी मुद्दाम तुमचं वाईट केलं नाही एवढंच म्हणू शकतो. तुम्ही आता लिहिलं नाहीत तर मी समजून घेईन.

तुमचा,
इंद्रजित

नळदुर्ग
२६ जानेवारी २०२५

दादा,

तुझं पत्र आलं. छापलं, आणि दुकानातल्या टेबलाच्या खणात ठेवलं. आबांना दिलं नाही, आणि देणारही नाही.

पत्र यायच्या आदल्याच दिवशी ते अडतीवर तूर घालून आले होते. सात हजार दोनशेनं गेली. परवा पेपरात आलंय, बिनजकातीची आयात अजून वर्षभर चालू ठेवणार म्हणून. अडतीवर त्यांना काय झालं कुणास ठाऊक. बसप्पा सांगत होते, आबा परदेशी तुरीच्या पोत्यापाशी गेले, मूठभर दाणे हातात घेतले आणि तिथंच पोत्यावर बसून राहिले. पाणी दिलं तर घेतलं नाही. घरी आले ते न जेवता झोपले. सकाळी उठून मला विचारतात काय, तर इंद्रजितचा कागद आला का. मी म्हटलं नाही.

या माणसाच्या हातात मी तुझं पत्र कसं देऊ? त्यांच्याकडं तेवढंच एक उरलंय. तू अमेलियाचं काहीबाही लिहून पाठव, मी देते.

हर्षाली

नळदुर्ग
२९ जून २०२५

दादा,

पाच महिने झाले, तुझी एक ओळ नाही. फोन केला की कामात आहे म्हणतोस. मी तुला खोटं लिहायला सांगितलं होतं, तू काहीच लिहिलं नाहीस. तुझंही बरोबर असेल, खोटं लिहवत नसेल.

इकडं मी आबांना काय काय सांगितलं याची यादीच होईल. मशीन बिघडलंय, शाई संपलीय, तिकडं इंटरनेट बंद आहे. ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत दुकानात येऊन बाकड्यावर बसतात. हॉटेलात जाणं बंद केलंय. लोक विचारतात, पोराचं काय म्हणणं, आणि सांगायला नवीन काही नसतं.

आज मला राहवलं नाही. ते बाकड्यावर बसले होते, मी खणातून तुझं जानेवारीचं पत्र काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. माझ्यानं तिथं थांबवलं नाही, मी मागं गेले. परत आले तर ते पत्र घेऊन निघून गेले होते. काय होईल ते होवो.

हर्षाली

नळदुर्ग
४ जुलै २०२५

चि. इंद्रजितास बब्रुवानचे आशीर्वाद.

हर्षालीनं तुझा कागद दिला. त्यात मला ठाऊक नव्हतं असं काय न्हाय.

चाळीस वर्षं अडतीवर जातोय मी. मोझांबिकची तूर येती, तिला गजरी म्हणतात, ती दिवाळीला येती, हे तू तिकडं जायच्या आधीपास्नं मला ठाऊक हाय. तुझा पहिला कागद आला त्या दिशीच उमगलं, ह्यो पोरगा आपल्याच बाजारात येणारी तूर वाढवायचं आपल्यालाच इचारतोय. लई राग आला. आठवडाभर लिहिलं न्हाय. मग मनात आलं, चार सालांत ह्यानं बापाकडं पहिल्यांदा काय तरी मागितलंय. न्हाय म्हणलं तर परत कशाला मागंल? म्हणून लिहिलं. तू एक इचारायचास, म्या चार सांगायचो, म्हंजी तुझा अजून एक कागद यायचा. कुठं जाती तूर हे म्या कधी तुला इचारलं का? इचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं, आन् कागद बंद झाले असते.

हॉटेलात लोकांना सांगायचो तिथली लेकरं खातात म्हणून. खरं सांगितलं असतं तर लोकांनी तुला नावं ठिवली असती. पोरगं आपलंच हाय.

जानेवारीत अडतीवर पोतं फोडलं होतं, त्यातला दाणा हातात घेतला. टपोरा होता. शेंडा खुडल्याबिगर तसा भरत न्हाय. तिचाच असंल असं न्हाय, कुणाचा बी असंल, पण हात तिथं अडकला खरा. वाईट वाटलं. आन् दाणा किती चांगला भरलाय म्हणून बरं बी वाटलं, ते मातूर कुणाला सांगता आलं न्हाय. तुझ्या एकट्यानं भाव पडत न्हाय, येवढं मला कळतंय. दिल्लीत कागद निघतो, त्यात त्या बाईचं बी नाव नसतं आन् माझं बी नसतं. तिला बोल लावू नको, तूबी सोताला खात बसू नको.

औंदा सोयाबीनमधी तुरीच्या ओळी टाकल्या न्हाईत. नुसतं सोयाबीन पेरलं. पेरताना पाभर तिथं आली की हात आपोआप तुरीच्या पिशवीकडं जायचा. वाकून शेंडे खुडायला गुडघे साथ देत न्हाईत, आन् आता कुणासाठी खुडायचे. तवा मला तुला शिकवायला रानात तूर न्हाय, तुला बी इचारायला काय उरलं नसंल.

तरी कागद बंद करू नको. पाच महिन्यांत एक बी आला न्हाय. दुकानातल्या बाकड्यावर बसून बसून कंबर धरली. काय खाल्लंस लिही, पाऊस झाला का लिही, अमेलियाच्या घरावर पत्रा चढला का लिही. कामाचं कायच नसलं तरी लिही.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरलाय, डावा पिकलाय. इथनं पुढं अक्षर जरा मोठं काढत जा.

बब्रुवान